फायटिंग गेमचा अ‍ॅक्शन अ‍ॅडव्हेंचर गेम करणं

दोघं समोरासमोर उभे राहून मारामारी करतात अशा गेमच्या सिरीजमधला एखादा हिरो उचलायचा आणि त्याला फिरायला रस्ते, दुश्मनांच्या टोळ्या, शोधायला वस्तू आणि एक स्टोरी देऊन वेगळाच गेम बनवायचा, ह्या प्रकाराबद्दलची ही नोंद. मॉर्टल कॉम्बॅट, टेकन, सोल कॅलिबर, व्हर्च्युआ फायटर, जवळपास सगळ्या मोठ्या सिरीजनी हे करून पाहिलंय.

खान्देशात बऱ्याच जणांची ह्याच्याशी पहिली ओळख टेकन ३ मधल्या 'टेकन फोर्स' मोडमुळे झाली. प्लेस्टेशनवर हा गेम १९९८ ला आला. आखाजीच्या सुट्टीत मामाच्या गावाला आलेली पोरं दुपारी भुसावळच्या उन्हातून पळत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिरायची, आणि जोडीदार नसला की एकट्याने फोर्स लावायचा. शिपायांच्या टोळ्या अंगावर येतात, लाइफ कमी झाली की भाजलेली कोंबडी उचलायची, शेवटी हेइहाची हा मोठा दुश्मन. हा मोड चार वेळा पूर्ण केला की डॉक्टर बॉस्कोनोव्हिच हे लपवलेलं पात्र खेळायला मिळतं, त्यामुळे चौथ्या वेळेला खुर्चीमागे गर्दी व्हायची आणि प्रत्येक जण "मागे बघ भो, मागे!" ओरडायचा.

ह्या "मागे बघ" मध्येच सगळी अडचण आहे.

यात्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लागली की पैलवानाची नजर एकाच गड्यावर असते, डाव सगळे त्याच्या हिशोबाने बसवलेले. फायटिंग गेमचं तसंच. दोघांची तोंडं आपोआप एकमेकांकडे असतात, म्हणून 'पुढे' आणि 'मागे' ह्याला अर्थ असतो, स्पेशल मूव्ह त्यावरच बांधलेल्या असतात आणि बऱ्याच गेममध्ये तर ब्लॉकसुद्धा मागे दाबूनच होतो. आता त्याच पैलवानाला अमळनेरच्या यात्रेच्या गर्दीत सोडा, चारी बाजूंनी माणसं, तर पुढे म्हणजे कुठे आणि मागे म्हणजे कुठे?

१९९७ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट मिथॉलॉजीज: सब झिरो' मध्ये हे अगदी उघडं पडतं. गेम एका बाजूने दिसणारा, उड्या मारत पुढे जायचं, पण हाणामारीची बटणं जुनीच ठेवली. त्यामुळे सब झिरोला नुसतं वळवायला वेगळं बटण द्यावं लागलं! दुश्मन पाठीमागे गेला की आधी ते बटण शोधा, मग मारा, तोवर दोन फटके बसलेले असतात. ह्या गेमची स्टोरी मात्र खरंच चांगली आहे, मॉर्टल कॉम्बॅटच्या पहिल्या टूर्नामेंटच्या आधीचा सब झिरो, त्याला कामाला लावणारा जादूगार क्वान ची, आणि अनुभवाचे पॉइंट जमवून हळूहळू बर्फाच्या मूव्ह मिळवणं. म्हणजे कल्पना बरोबर होती, हात चुकीचे होते. त्याच सिरीजमधल्या जॅक्सला घेऊन केलेला २००० चा 'स्पेशल फोर्सेस' तर त्याहून फसला.

मग २००५ ला मॉर्टल कॉम्बॅटचाच 'शाओलिन मंक्स' आला, प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्सवर. इथे बनवणाऱ्यांनी कंट्रोल जुन्या गेममधून ओढून न आणता नव्याने बसवले, स्टिक ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेच्या माणसाला फटका बसतो, म्हणजे लिऊ कांग घोळक्याच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना पुरून उरतो. दुसरा खेळाडू कुंग लाओ घेऊन सोबत खेळू शकतो. फेटॅलिटी (हरलेल्याला संपवणारा शेवटचा भयानक डाव) आणि ओळखीच्या जागा मात्र राखल्या, म्हणून गेम परका वाटत नाही. माझ्या मते ह्या प्रकारातला सगळ्यात जमलेला गेम हाच. त्याच वर्षी टेकनच्या नीनाला घेऊन 'डेथ बाय डिग्रीज' आला, त्यात फटके उजव्या स्टिकने मारायचे, तो फार चालला नाही. २००७ ला निन्टेंडोच्या वी ह्या कन्सोलवर 'सोल कॅलिबर लेजंड्स' आला.

काही वेळा मूळ नावच सुटतं. 'शेनमू' (१९९९) ची सुरुवात व्हर्च्युआ फायटरचा आरपीजी (एका पात्राची भूमिका घेऊन लांब स्टोरी खेळायचा गेम) म्हणून झाली होती, हिरो त्याच सिरीजमधला अकिरा असणार होता. तो बनवणाऱ्या यू सुझुकीने पुढे त्याचं स्वतंत्र जग केलं, मारामारीची पद्धत मात्र तिथलीच राहिली. त्याच्याही आधी, १९८९ चा 'फायनल फाइट' सुरुवातीला स्ट्रीट फायटर ८९ ह्या नावाने दाखवला गेला होता.

'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) च्या वर्ल्ड टूर मोडने वेगळा रस्ता काढला. आपलं पात्र बनवून मेट्रो सिटीत, म्हणजे त्याच फायनल फाइटच्या शहरात, मोकळं फिरायचं, र्यू, चुन ली ह्यांना गुरू करून मूव्ह शिकायच्या. पण रस्त्यावर कुणाशी भिडलं की कॅमेरा बाजूला येतो आणि पुन्हा तीच सरळ रेष, तेच पुढे-मागे. वळण्याचा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतलाच नाही, फडाभोवती गाव वसवलं. त्याचा फायदा असा की इथे शिकलेला डाव वाया जात नाही, वर्ल्ड टूर खेळलेला पोरगा उद्या मित्रासमोर बसला तरी तीच मूव्ह त्याच बटणांनी निघते.