पाटीपासून कॉम्पॅक्टरपर्यंत: कचरागाडीची पार्श्वभूमी

कचरागाडी सुधारत गेली ती मुख्यतः एका कारणाने: भरलेली पाटी खांद्याच्या वर नेऊन रिती करताना माणसाची कंबर मोडते. 1897 मध्ये लंडनजवळच्या चिझिकमध्ये थॉर्निक्रॉफ्टची वाफेवर चालणारी कचरागाडी आली. घोडे सुटले, कामगार मात्र तसाच राबत राहिला. पुढे 1920 च्या दशकात इंग्लंडमध्येच शेल्व्होक अँड ड्र्यूरीने लहान चाकांची बुटकी गाडी काढली. माणसाची उंची वाढत नाही, मग गाडीच खाली आणा!

अमेरिकेने दुसरी वाट धरली. नॉक्सव्हिलच्या जॉर्ज डेम्पस्टर यांनी 1930 च्या दशकात अख्खी कुंडीच यंत्राने उचलायची सोय केली. आपल्याकडचा डंपर प्लेसर त्याच कुळातला. 1938 मध्ये गारवुडची लोड पॅकर आली आणि गाडीच्या पोटात हायड्रॉलिक दाब शिरला. आजच्या कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीच्या, मागे उभं राहून बघा. कुंडीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या गाडीच्या हातांत अडकतात, कुंडी उलटते, कचरा हौदात पडतो. मग वरून पातं येतं, तो आत ओढतं आणि आधीच्या थरावर रेटतं. डेपोत मागचं दार वर उचललं, की आतली सरकती भिंत सगळा माल बाहेर ढकलते.

1969 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलने कडेने हात काढून डबा उचलणारी गाडी चालवून पाहिली. ड्रायव्हरला खाली उतरायलाच नको. तिचं नाव पडलं 'गॉडझिला'.

हा हात आपल्या सोलापूरच्या साखर पेठेत चालायचा नाही. त्याला एकसारखे डबे, मोकळी कड आणि रुंद रस्ता लागतो. पेठेतल्या बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी एकीला मागं यावं लागतं. तिथे घंटागाडीच बरी, बादली आपणच ओतायची.

कॉम्पॅक्टरचंही तसंच. अमेरिकेतला कचरा पुठ्ठ्या-कागदाचा, फुगीर. दाबला की बराच बसतो. आपल्यात भाजीचे देठ नि उष्टं-खरकटं जास्त. तो मुळातच जड, दाबल्यावर पाणी सुटतं. मागच्या दाराचं रबर झिजलं असेल तर काळपट धार रस्ताभर. शिवाय दाबताना मिसळलेला ओला-सुका पुन्हा वेगळा होत नाही, आणि तुळजापूर रस्त्यावर भोगावला कचऱ्यापासून बायोगॅस करायचा तर ओला निराळाच हवा. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरातच करायला सांगितलं; घंटागाडीतले दोन कप्पे त्यासाठीच.