वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड: छायांकित भाग नेमका कोणता?

दहावीच्या महत्त्वमापनात छायांकित भागाचं गणित चुकतं ते बहुतेक वेळा आकृती वाचतानाच. प्रश्नात त्रिज्या दिलेली असते, केंद्रीय कोन दिलेला असतो, आणि विद्यार्थी लगेच पाकळीचं सूत्र लिहून मोकळा होतो. छायांकित भाग मात्र वर्तुळखंडाचा असतो. दोघांना तोच कंस, तोच कोन, तीच त्रिज्या. त्यामुळे दिलेल्या माहितीवरून फरक कळतच नाही. तो आकृतीतच शोधावा लागतो.

वर्तुळपाकळीला तीन कडा असतात: दोन त्रिज्या आणि एक कंस. वर्तुळखंडाला दोनच: एक जीवा आणि एक कंस. चतकोर भाकरी म्हणजे ९० अंशांची पाकळी, तिचं टोक बरोबर भाकरीच्या मध्यावर येतं. त्याच भाकरीची कड सुरीने सरळ रेषेत कापली, तर सुटणारा तुकडा हा वर्तुळखंड. म्हणून पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: छायांकित भागाचा एखादा कोपरा केंद्रबिंदूवर आहे का? असेल तर पाकळी. सरळ कड केंद्राला न शिवता एका कंसटोकापासून दुसऱ्यापर्यंत गेली असेल तर वर्तुळखंड.

आता क्षेत्रफळ. पाकळीचं सोपं आहे, कारण ते कोनाच्या प्रमाणात असतं: कोन भागिले ३६०, गुणिले पूर्ण वर्तुळाचं क्षेत्रफळ. कोन निम्मा केला की क्षेत्रफळही निम्मं होतं. वर्तुळखंडासाठी पाकळीतून दोन त्रिज्या आणि जीवा यांनी बनलेला त्रिकोण वजा करायचा. आणि इथेच प्रमाणाचा हिशोब मोडतो. त्रिज्या १० सेमी आणि पायची किंमत ३.१४ घेऊन बघा. कोन ९० अंशांचा असेल तर पाकळी ७८.५ चौसेमी, त्रिकोण ५०, म्हणजे वर्तुळखंड २८.५. कोन ६० अंशांवर आणला की पाकळी ५२.३३ होते, त्रिकोण समभुज असल्याने ४३.३०, आणि वर्तुळखंड उरतो ९.०३. कोन ३० अंशांचा केला तर पाकळी २६.१७, त्रिकोण २५ आणि वर्तुळखंड जेमतेम १.१७. कोन ९० वरून ३० वर आला, म्हणजे एक तृतीयांश झाला. पाकळीही तेवढीच कमी झाली, पण वर्तुळखंड चोविसाव्या हिश्श्यापेक्षाही लहान झाला. वर्तुळखंडाला त्रैराशिक लावणं ही माझ्या मते या धड्यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. पेट्रोल पंपाखाली दंडगोलाकार टाकी आडवी पुरलेली असते आणि आतलं इंधन डिप रॉड घालून मोजतात. टाकीचा काटछेद वर्तुळाचा, आणि इंधनाने भरलेला भाग हा वर्तुळखंड. रॉड व्यासाच्या एक चतुर्थांश उंचीपर्यंत भिजला तर पाव टाकी भरली असं वाटेल. त्या पातळीला केंद्रीय कोन १२० अंशांचा असतो. १० त्रिज्येच्या वर्तुळात पाकळी १०४.६७, त्रिकोण ४३.३०, वर्तुळखंड ६१.३७. पूर्ण वर्तुळ ३१४ चं, म्हणजे टाकी भरलीय सुमारे साडेएकोणीस टक्के. उंचीवरून लिटर सांगणारा वेगळा तक्ता पंपावर लागतो तो याचसाठी.

पाठ्यपुस्तकांची आवडती आकृती म्हणजे चौरसातलं पान. १० सेमी बाजूच्या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना केंद्र धरून १० सेमी त्रिज्येचे चतुर्थांश कंस काढले की मध्ये पानासारखा आकार तयार होतो. चौरसाचा कर्ण काढला की दिसतं, हे पान म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन वर्तुळखंड: २८.५ दुणे ५७ चौसेमी. दुसरी वाट पाकळ्यांची. दोन पाकळ्यांची बेरीज १५७, पण त्या बेरजेत पान दोनदा मोजलं गेलं. चौरसाचे १०० वजा केले की पुन्हा ५७. मला दुसरी रीत जास्त आवडते, कारण कोणता भाग दोनदा आला हे ओळखण्याची सवय लागते. तीच सवय वापरून याच चौरसाच्या चारही बाजूंवर आतल्या बाजूने अर्धवर्तुळं काढा: चार अर्धवर्तुळांची बेरीज १५७, त्यातून चौरस वजा, आणि मधल्या चार पाकळ्यांच्या फुलाचं क्षेत्रफळही ५७च येतं. ‘पाकळ्या’ म्हटलं तरी त्या वर्तुळपाकळ्या नव्हेत. प्रत्येकीत दोन वर्तुळखंड आहेत.

कोन १८० अंशांचा झाला की त्रिकोण नाहीसा होतो आणि दोन्ही आकृत्या एकच अर्धवर्तुळ होतात. त्यापुढे विशालवर्तुळखंडासाठी त्रिकोण वजा नाही, मिळवायचा असतो. २७० अंशांना पाकळी २३५.५, अधिक ५०, म्हणजे २८५.५. पूर्ण वर्तुळातून लघुवर्तुळखंड काढून पडताळा: ३१४ वजा २८.५, तेच उत्तर.

पाकळी आणि वर्तुळखंड यांचा सर्वांत सुंदर उपयोग इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात किऑस बेटावरच्या हिपोक्रेटिसने केला (वैद्य हिपोक्रेटिस वेगळा, तो कॉस बेटावरचा). ९० अंशांच्या पाकळीची जीवा घ्या आणि तिच्यावर बाहेरच्या बाजूला अर्धवर्तुळ काढा. आपल्या आकृतीत जीवेचा वर्ग २००, म्हणून अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ ७८.५, बरोबर पाकळीएवढं. दोघांतही तोच वर्तुळखंड आहे. तो दोन्हींतून काढला की एकीकडे चंद्रकोर उरते, दुसरीकडे त्रिकोण; म्हणजे दोन्हीकडे अचूक ५०. वक्र कडांच्या आकृतीचं क्षेत्रफळ, आणि उत्तरात पाय कुठेच नाही.

उत्तर लिहिताना एक काळजी घ्यावी. कोन लहान असला की वर्तुळखंड दोन जवळजवळ सारख्या संख्यांच्या वजाबाकीतून येतो, त्यामुळे छोटी चूक मोठी होते. ३० अंशांच्या उदाहरणात ३.१४ ऐवजी २२/७ घेतलं तर पाकळी २६.१७ ची २६.१९ होते, पण वर्तुळखंड १.१७ वरून १.१९ वर जातो, जवळपास दोन टक्के जास्त. म्हणून प्रश्नात पायची आणि वर्गमूळ ३ ची जी किंमत दिली असेल तीच घ्यावी, आणि वजाबाकी होईपर्यंत दशांश स्थळं छाटू नयेत.