आधी अडखळ शोधा, घड्याळ नंतर

दुसरीतली मुलगी वाचते, "मां-ज-र भिं-ती-व-रू-न उ-डी मा-रू-न गे-लं." एक अक्षर चुकत नाही. मांजर कुठून गेलं, असं विचारलं की मात्र ती पुन्हा पुस्तकात बघते. यात आळस नाही आणि बुद्धीची कमतरताही नाही. तात्पुरत्या स्मृतीत मोठ्या माणसालाही एका वेळी चारेक सुटे तुकडेच धरता येतात. "भिंतीवरून" या एका शब्दात पाच अक्षरं आहेत. 'न'पर्यंत पोचेतो 'भिं' निसटलेलं असतं. डेव्हिड लाबर्ज आणि एस. जे सॅम्युएल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली हेच मांडलं होतं: अक्षर ओळखण्यातच लक्ष खर्ची पडलं, तर अर्थासाठी ते उरत नाही. वाचनातला ओघ म्हणजे वेग नव्हे. सोपी कामं आपोआप होऊ लागली की लक्ष मोकळं होतं आणि वेग मागाहून येतो.

म्हणून सरावाआधी मूल नेमकं कुठे अडतं ते पाहावं. देवनागरीत बाराखडी आणि जोडाक्षरं धरून शेकडो आकार ओळखावे लागतात, आणि पाठ म्हटलेली बाराखडी फसवी असते. 'क, का, कि, की' सुरात म्हणणाऱ्या मुलाला मधूनच 'कु' दाखवला, तर ते मनात 'क'पासून चालत येतं. अक्षरं उलटसुलट विचारली तरच खरं चित्र कळतं. अडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते आधी, उच्चारली जाते नंतर. 'र' तर जोडाक्षरांत चार वेगवेगळ्या रूपांत भेटतो: प्रकाश, ट्रक, सूर्य, दुसऱ्या. चारही रूपं एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

इंदूरच्या मराठी घरांत यावर आणखी एक थर चढतो. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत बहुधा इंग्रजी. मुलाने देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली असते, त्यामुळे 'ळ' अनोळखी राहतो आणि 'बाळ'चं 'बाल', 'काळा'चं 'काला' होतं. चहातला 'च' आणि चाकातला 'च' लिहायला एकच, पण उच्चार दोन. जीव आणि जागा यांतल्या 'ज'चंही तसंच. मराठी छपाईतले 'ल' आणि 'श' हिंदी पुस्तकांतल्यांपेक्षा वेगळे दिसतात. मुलाची मंदगती म्हणून खपवलेली बरीचशी अडचण इथे असते. असे शब्द वेगळे काढून पाच मिनिटं बोलावेत. वाचन चालू असताना मात्र प्रत्येक 'ळ'ला टोकू नये, ओघ तिथेच तुटतो.

आता पद्धत. सॅम्युएल्स यांनीच १९७९ मध्ये मांडलेलं पुनर्वाचन आजही सर्वांत भरवशाच्या उपायांपैकी आहे, आणि त्याला खर्च नाही. ६० ते १०० शब्दांचा उतारा घ्या. आधी आईने, आजोबांनी किंवा जे कोणी घरी असतील त्यांनी तो सावकाश, सुरात वाचावा; मुलाने बोट फिरवत ऐकावं. मग दोघांनी मिळून, आणि मग मुलाने एकट्याने तीन-चार वेळा. अडलं तर तीन सेकंद थांबून शब्द सांगून टाकावा आणि पेन्सिलीने खूण करावी. रोज दहा-बारा मिनिटं पुरतात. रविवारचा सलग तास याची जागा घेऊ शकत नाही. वीस शब्दांत एकाहून जास्त चुका होत असतील, तर उतारा कठीण आहे. तो बदलावा, मुलाला रागवू नये.

सूर बसत नसेल तर एका दमात म्हणायच्या शब्दगटांच्या मधे तिरप्या रेघा माराव्यात: मांजर / भिंतीवरून / उडी मारून / स्वयंपाकघरात गेलं. दोन-चार दिवसांनी रेघा खोडाव्यात. यात हमखास घडणारी गडबड अशी की उतारा पाठ होतो आणि मूल न बघताच म्हणतं. शेवटच्या शब्दापासून उलटं बोट ठेवत विचारलं की लगेच उघडं पडतं.

मोजणी आठवड्यातून एकदाच करावी, तीही न वाचलेल्या उताऱ्यावर. एका मिनिटात वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करावेत आणि लगेच गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारावा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेत (मध्य प्रदेशात ती 'मिशन अंकुर' म्हणून चालते) तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह, असं लक्ष्य आहे. मात्र हिंदी आणि मराठीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. 'घर के सामने वाले' हे हिंदीत चार शब्द, मराठीत 'घरासमोरच्या' हा एकच. हिंदीत साठ वाचणारं मूल मराठीत कमी वाचत असेल, तर ते मागे पडलं असं नव्हे.

बोलण्यातल्या अडखळीची गोष्ट निराळी. दोन ते पाच वर्षांच्या वयात सुमारे पाच टक्के मुलं काही काळ तोतरं बोलतात आणि त्यांतली बहुतेक आपोआप सावरतात. "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा नीट सांग" हे सल्ले टाळावेत. आपणच संथ बोलावं आणि मुलाचं वाक्य मुलालाच पुरं करू द्यावं. अडखळणं सहा महिन्यांहून अधिक टिकलं, चेहरा-मान ताणली जाऊ लागली, किंवा घरात आधी कोणाला हा त्रास असेल, तर वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जावं. घरातली मराठी बंद करा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये; दोन भाषांमुळे तोतरेपणा येत नाही.

गणितात पहिली ठेच आकड्यांच्या नावांशी लागते. 'तेवीस' म्हणताना तीन आधी, वीस नंतर, लिहिताना उलट. म्हणून ३२ लिहिला जातो. जर्मन मुलांतही हीच चूक दिसते, कारण त्यांच्याही भाषेत एकक आधी येतो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी पद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. घरी वाद घालायची गरज नाही: "तेवीस, म्हणजे वीस आणि तीन" असं काही आठवडे जोडून म्हणावं. त्यात इंदूरला ८९ हे घरी एकोणनव्वद, दुकानात नवासी. शिवाय मराठी कॅलेंडरवरचा १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. बेरीज चुकली की आधी मुलाने आकडा कोणता वाचला ते विचारावं.

बेरजेत आधी दहाच्या पाच जोड्या पक्क्या कराव्यात: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५. मग ८+५ करताना मूल बोटं मोजत नाही; पाचातले दोन आठाला देऊन दहा करतं आणि तीन मिळवतं.

पाढ्यांचा दोष बाराखडीसारखाच: सात अठ्ठे विचारलं की मूल सात एके सातपासून निघतं. (इंदूरच्या मुलाला निदान हा एक गुणाकार चुकायला नको, उत्तराची पाटी 'छप्पन दुकान' या तिथल्या खाऊगल्लीवर लागलेली आहे.) पाढे कोणत्या भाषेत म्हणायचे ते एकदा ठरवावं. आकडेमोड ज्या भाषेत पाठ होते त्याच भाषेत ती झटकन आठवते, असं द्विभाषिकांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. बहुतेक घरांत शाळेची भाषा सोयीची पडेल, आजीला न रुचलं तरी.

२ ते ९ पर्यंतचे गुणाकार ६४ वाटतात, पण ३×७ आणि ७×३ एकच धरले की ३६ राहतात. दोनाचे म्हणजे दुप्पट, पाचाचे म्हणजे दहाच्या निम्मे, नवाचे म्हणजे दहापटीतून एकदा वजा: ९×७ म्हणजे ७०−७. एवढे वगळले की ३, ४, ६, ७, ८ यांचे आपसातले फक्त १५ उरतात. पुठ्ठ्याचे १५ त्रिकोणी पत्ते कापून प्रत्येकाच्या तीन कोपऱ्यांवर तीन आकडे लिहावेत, जसे ६, ७, ४२. एका वेळी नवे तीनच घ्यावेत आणि ते आधीच पक्क्या झालेल्या सहा-सात पत्त्यांत मिसळावेत. ४२ झाकला तर गुणाकार, ६ झाकला तर भागाकार. तीन सेकंदांत उत्तर आलं तर पत्ता बाजूला, नाहीतर गठ्ठ्याच्या मधे परत.