कंबरदुखी आणि घरातला लाल प्रकाश

कोल्हापूरच्या कामधंद्यांत कंबरेवर पडणारा भार मोठा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत जड साचे उचलणारे कामगार, सुभाषनगरात दिवसभर जमिनीवर बसून, पुढे वाकून चपला शिवणारे कारागीर, ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारे मजूर आणि संगणकासमोर तासन्‌तास बसणारी तरुण मंडळी, या सर्वांची तक्रार शेवटी एकाच जागी येते. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. उसण भरली की तेल चोळायचे आणि गरम शेक घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. अलीकडे तिच्या जोडीला लाल प्रकाशाचे पट्टे आणि पॅनेल घरात येऊ लागले आहेत. ते घ्यावेत का, असे ओळखीतले अनेक जण विचारतात. प्रकाशाचा शरीरावर परिणाम होतो की नाही, यावर बरीच चर्चा होते; परंतु दुखऱ्या जागेपर्यंत किती प्रकाश पोहोचतो, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बोटांच्या मागे धरून पाहावा. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, पण बोटांतून बाहेर येतो तो लालभडक. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते, लाल मात्र त्या मानाने कमी. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसते: बोटातल्या हाडाची सावली ठळक उमटत नाही. प्रकाश सरळ रेषेत न जाता पेशी आणि तंतूंवर आपटून सर्व दिशांना विखुरतो, म्हणून असे होते. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्यात हिमोग्लोबिनचे शोषण कमी असते आणि पाण्याचे शोषण अजून वाढलेले नसते, त्यामुळे या पट्ट्यातला प्रकाश शरीरात सर्वांत खोलवर जातो. बहुतेक उपकरणांवर ६६० आणि ८५० हे आकडे छापलेले असतात ते याच कारणाने. पहिला डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश आहे, दुसरा न दिसणारा अवरक्त. पट्टा चालू केल्यावर त्यातले निम्मे दिवे पेटलेच नाहीत असे वाटून अनेक जण तो नादुरुस्त समजतात. वास्तविक ते दिवे ८५० नॅनोमीटरचे असतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर बहुधा फिकट जांभळे दिसतात.

सर्वांत खोलवर जातो म्हणजे तरी किती? अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून वाट काढत गाभाऱ्यापर्यंत येतात, आणि वाटेत धूळ, बाष्प किंवा एखादा अडथळा असेल तर ती मूर्तीपर्यंत पोहोचेपर्यंत क्षीण होतात, हे आपण जाणतो. त्वचेखालीही अशीच वाटचाल घडते, फरक इतकाच की येथे अडथळे अधिक दाट असतात. लाल प्रकाशाची तीव्रता काही मिलिमीटरमध्येच मोठ्या प्रमाणात घटते. अवरक्त प्रकाश त्याहून पुढे जातो, परंतु दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर मूळ प्रकाशाचा अगदी छोटासा अंशच शिल्लक राहतो. कंबरेत त्वचेखाली चरबीचा थर, त्याखाली जाड आवरण आणि मग स्नायू असतात. मणक्यांमधली गादी तर पाठीच्या पृष्ठभागापासून पाच सेंटिमीटर किंवा त्याहूनही आत असते. त्यामुळे ‘सरकलेली गादी प्रकाशाने जागेवर येते’ अशा जाहिरातीवर विश्वास ठेवण्यास शरीररचनेत काहीच आधार नाही. वरच्या थरातील स्नायू, त्यांचे आवरण आणि त्वचेतील चेतातंतू यांच्यापर्यंत मात्र प्रकाश पोहोचू शकतो, आणि सौम्य आराम मिळत असेल तर तो तेथूनच मिळत असण्याची शक्यता अधिक आहे.

या उपचाराचा उगम एका अनपेक्षित निष्कर्षात आहे. १९६० साली पहिला लेसर तयार झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे वैद्यक संशोधक त्याचा सजीवांवर काय परिणाम होतो हे तपासू लागले. १९६७ साली त्यांनी केस काढलेल्या उंदरांच्या त्वचेवर माणकाच्या लेसरचा मंद लाल प्रकाश सोडला. लेसरमुळे कर्करोग होतो का, ही त्यांची शंका होती; तो झाला नाही, उलट प्रकाश दिलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे त्यांनी भरून न येणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरून पाहिला. लेसरऐवजी स्वस्त एलईडी दिवे आल्यावर हा उपचार दवाखान्याबाहेर पडून घरात आला.

पेशीच्या आत नेमके काय घडते, याचे सर्वाधिक मांडले जाणारे स्पष्टीकरण तंतुकणिकांशी, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांशी, जोडलेले आहे. तंतुकणिकेत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा निर्माण करण्याच्या साखळीत ते शेवटच्या टप्प्यावर काम करते. ते लाल आणि अवरक्त प्रकाश शोषून घेते, त्यावर चिकटलेले नायट्रिक ऑक्साइड सुटते, ऊर्जेचे चलन असलेला एटीपी रेणू अधिक तयार होतो आणि दाह घडवणाऱ्या संदेशांत बदल होतो, अशी ही मांडणी आहे. ती आकर्षक आहे, तिच्या बाजूने प्रयोगशाळेतील पुरावाही आहे, तरी सर्व संशोधक तिच्याशी सहमत नाहीत. एक गोष्ट मात्र अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसली आहे: प्रकाश फार कमी असेल तर परिणाम होत नाही आणि फार जास्त दिला तर लाभ घटतो किंवा नाहीसा होतो. म्हणून दहा मिनिटांनी बरे वाटले तर तासभर पट्टा बांधून ठेवावा, हा विचार येथे लागू पडत नाही.

माणसांवरील चाचण्यांचा निष्कर्ष संयमाने वाचावा लागतो. विशिष्ट कारण नसलेल्या कंबरदुखीवर मंद लेसरचा उपयोग तपासणारा, वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सात चाचण्या होत्या. काहींमध्ये खोट्या लेसरच्या तुलनेत वेदना थोडी कमी झाली, परंतु ठाम शिफारस करता येईल एवढा पुरावा नाही, असे त्या आढाव्याने नोंदवले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत मंद लेसरचा समावेश केला, तोही पुरावा कमी दर्जाचा आहे असे स्पष्ट सांगून. त्याच सूचनांत नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीसाठी साध्या वरवरच्या शेकाला मध्यम दर्जाचा पुरावा असल्याचे म्हटले आहे. आजीच्या गरम पाण्याच्या पिशवीला नव्या उपकरणापेक्षा भक्कम आधार आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्या पिशवीची जाहिरात कोणी करत नाही.

शिवाय या चाचण्यांपैकी बहुतेकांत प्रशिक्षित व्यक्तीने लेसरचे टोक त्वचेवर दाबून, ठरावीक बिंदूंवर, मोजून प्रकाश दिलेला होता. घरातले पॅनेल एक-दोन फुटांवर टांगलेले असते, त्यामुळे दवाखान्यातील निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्रेचा हिशेब अवघड नाही: उपकरण त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट प्रकाश देत असेल तर दहा मिनिटांत, म्हणजे ६०० सेकंदांत, तेथे १८ ज्यूल ऊर्जा पडते. अंतर वाढवले की ती झपाट्याने घटते, आणि जाड कपड्यावरून पट्टा बांधला तर त्यातली बरीच कपड्यातच अडते. अडचण अशी की अनेक उत्पादक केवळ दिव्यांची संख्या आणि एकूण वॅट छापतात. त्वचेवर किती मिलिवॅट पडतात आणि ते किती अंतरावर मोजले, हे सांगत नाहीत. ज्या खोक्यावर तरंगलांबी, तीव्रता आणि अंतर हे तिन्ही नाहीत, ते उपकरण विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला मोठा लाल दिवा मात्र वेगळा. तो प्रामुख्याने उष्णता देतो आणि त्याचा आराम शेकाचाच असतो.

घरी वापर करायचाच असेल तर सुरुवात कमी वेळाने करावी. गडद त्वचेतील मेलॅनिन लाल प्रकाश वरच्या थरातच अधिक शोषते, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना तीच मात्रा जास्त गरम लागू शकते. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावे, कारण चटका बसला तरी तो वेळीच कळत नाही. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने डोळे आपोआप मिटत नाहीत, म्हणून पॅनेलकडे थेट पाहू नये. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी, ल्युपसच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या सूचनांत व्यायाम आणि रुग्णाला आपल्या दुखण्याची नीट माहिती देणे यांना महत्त्वाचे स्थान आहे. प्रकाशाने आखडलेली पाठ थोडी सैल होत असेल तर त्या सैलपणाचा उपयोग रंकाळ्याभोवती फेरी मारण्यासाठी आणि पाठीचे व्यायाम करण्यासाठी व्हावा. उपकरण लावून पडून राहिल्यास उपचाराचा मुख्य भागच राहून जातो. फरक पडतो आहे की नाही हे केवळ ‘बरे वाटते’ यावरून न ठरवता, पाण्याची बादली उचलता येते का, न थांबता किती वेळ चालता येते, अशा कामांवरून दर आठवड्याला लिहून ठेवावे. नव्याने उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच ओसरते, हेही या नोंदी वाचताना ध्यानात घ्यावे, नाहीतर श्रेय चुकीच्या ठिकाणी जाते.

काही लक्षणांत मात्र कोणताही घरगुती उपाय करत बसू नये. कंबरदुखीसोबत ताप, वजन घटणे किंवा रात्री झोपू न देणारी वेदना असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका आपल्या देशात घ्यावीच लागते, आणि ती तपासणीशिवाय फिटत नाही. पायातली शक्ती जाऊ लागली, मांड्यांच्या आतील बाजूस व बैठकीच्या जागी बधिरता आली, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा सुटला, तर मणक्यातील चेतांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णाला थोरल्या दवाखान्यात किंवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात न्यावे.