क्रिप्टॉप्स की इओकार्कॅरिया? घोळ कमरेच्या हाडांचा आहे

क्रिप्टॉप्स आणि इओकार्कॅरिया हे दोन मांसाहारी डायनासोर. भारतातला राजासॉरस ठाऊक असेल, तर क्रिप्टॉप्सचं घराणं वेगळं सांगायला नको: तोही ॲबेलिसॉरिड, म्हणजे मांसाहारी डायनासोरांच्या त्याच कुळातला, फक्त साडेचार कोटी वर्षं आधीचा. इओकार्कॅरिया मात्र कार्कॅरोडोंटोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनासोरच्या गोतावळ्यातला मानला गेला. दोघांचे अवशेष आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या गादूफावाचे, सुमारे 11 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या थरांतले. जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सेरेनो आणि स्टीव्ह ब्रुसाटी यांनी 2008 मध्ये एकाच शोधनिबंधात दोघांचं बारसं केलं. अंदाजे लांबीही सारखीच, सहा ते आठ मीटर. लांबीवरून ओळखायच्या फंदात पडूच नका.

डोक्याची हाडं पाहिली की गोंधळ उरत नाही. क्रिप्टॉप्सच्या वरच्या जबड्याचं बाहेरचं अंग खड्ड्यांनी आणि रक्तवाहिन्यांच्या चरांनी भरलेलं आहे. त्यावर घट्ट, शिंगासारखं आवरण असावं. इओकार्कॅरियाची खूण म्हणजे डोळ्यामागचं, भुवईशी फुगून जाड झालेलं हाड.

खरी गफलत कमरेत आहे. 2008 मध्ये क्रिप्टॉप्सच्या मूळ नमुन्यात (ज्या हाडांवर नाव ठरतं त्यांत) जबड्यासोबत मणके, बरगड्या आणि एकमेकांना जोडलेली श्रोणी (कमरेची हाडं) व त्रिकास्थी (त्यांना जोडलेलं कण्याचं हाड) धरली होती. श्रोणी आणि त्रिकास्थी एकाच प्राण्याची, हे खरं. पण जबडा त्यांना जोडलेला नव्हता. तो जवळपास सापडला, एवढंच. 2012 मध्ये कॅरानो, बेन्सन आणि सॅम्पसन या संशोधकांनी दाखवलं की ही कंबर ॲबेलिसॉरिडची वाटत नाही, कार्कॅरोडोंटोसॉरसच्या गटाशी जुळते. म्हणून क्रिप्टॉप्स हे नाव जबड्यापुरतंच ठेवावं, आणि मला तेच योग्य वाटतं. कंबर धरून वंशावळ मांडली, तर दोन घराण्यांची लक्षणं एकाच रकान्यात जातात आणि क्रिप्टॉप्सची जागा चुकते. ‘आद्य ॲबेलिसॉरिडची कंबर अशी असायची’ हे विधान तर टिकतच नाही. तरीही त्याच कमरेवर बेतलेली पूर्णाकृती चित्रं आजही बिनदिक्कत फिरतात, याचा मनस्वी राग येतो.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: ‘म्हणजे कंबर इओकार्कॅरियाची!’ तशी शक्यता आहे, पुरावा नाही. इओकार्कॅरिया हे नाव डोळ्यामागच्या त्या हाडावर उभं आहे. त्याच्या नावावर आहेत ती कवटीची सुटी हाडं आणि दात. कमरेशी ताडून पाहायला त्याची कंबरच हाती नाही. कवटी आणि श्रोणी जोडलेल्या अवस्थेत सापडेपर्यंत त्या हाडांपुढे ‘कार्कॅरोडोंटोसॉरसच्या गटातला, जात अनिश्चित’ असंच लिहावं.