लासलगावचा भाव आणि कोळ्याचं जाळं

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की ‘व्यापाऱ्यांनी पाडला’, चढला की ‘साठेबाजांनी चढवला’. आपल्याकडे विषय इथेच संपतो. नाशिकच्या कॉलेजांत अर्थशास्त्र शिकणारी, घरी कांदा पिकवणारी मुलंही हेच म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. साठेबाजी होते, सरकारी निर्णयांचा फटकाही बसतो. डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीनंतर भाव कोसळले ते आपण पाहिलंच. पण यातलं काहीही घडलं नाही तरी कांद्याचा भाव झोके घेणारच.

त्याचं एक कारण बारावीच्या पुस्तकात आहे: मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९०मध्ये ही कल्पना नीट मांडली. कांदा निम्म्या भावात मिळाला म्हणून कोणी भाजीत दुप्पट घालत नाही आणि महागला म्हणून फोडणी थांबत नाही. हिशेबापुरतं धरा, की भाव ४० टक्के बदलला तर मागणी १० टक्केच बदलते, म्हणजे लवचिकता ०.२५. आता हेच उलटं वाचा. बाजारात १० टक्के माल जास्त आला, तर तो खपायला भाव ४० टक्के उतरावा लागतो. १०० क्विंटल १००० रुपयांनी गेले तर लाख रुपये. ११० क्विंटल ६०० रुपयांनी गेले तर ६६ हजार. सगळ्यांचं पीक चांगलं आलं आणि सगळ्यांचा पैसा घटला!

दुसरं कारण मला त्याहून सुंदर वाटतं. शेतकरी लागवड ठरवतो आजचा भाव बघून, माल निघतो काही महिन्यांनी. समजा, यंदा आवक १० टक्के कमी, भाव ४० टक्के वर. तो पाहून सगळ्यांनी उळं, म्हणजे रोपांसाठीचं कांद्याचं बी, जास्त टाकलं. भावातल्या बदलाच्या निम्म्याने लागवड बदलत असेल, तर पुढचा माल २० टक्के जास्त आणि भाव ८० टक्के खाली. झोका वाढतच जातो. लागवड भावाच्या दहाव्या हिश्श्यानेच बदलली, तर माल ४ टक्के जास्त, भाव १६ टक्के खाली, पुढच्या खेपेला माल १.६ टक्के कमी, झोका विरतो. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की लागवड किती बदलते, ती मागणीच्या लवचिकतेपेक्षा जास्त की कमी, यावर सगळं ठरतं. हे आलेखावर काढलं की रेघा भिंतीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४मध्ये तेच नाव दिलं.

पंचांगातली तेजी-मंदी वाचून लागवड ठरवणारे अजूनही भेटतात. ग्रहांना निफाड तालुक्यात किती उळं पडलं ते माहीत नसतं. रोपवाटिका मोजल्या तर आपल्याला कळू शकतं.

कांदा साठवायची हवेशीर चाळ हा झोका थोडा थोपवते. उन्हाळी कांदा टिकतो, म्हणून एप्रिल-मेचा माल पावसाळाभर थोडा थोडा बाजारात येतो. खरिपाचा लाल कांदा मात्र टिकत नाही, काढला की विकावा लागतो. चाळी रिकाम्या होत आल्या आहेत आणि लाल कांदा अवकाळी पावसात सापडला आहे, अशा दिवसांत लासलगावच्या लिलावात भाव एका आठवड्यात कुठल्या कुठे जातो.