कॅथरिन, संत (अलेक्झांड्रियाची)

ख्रिस्ती परंपरेतील हुतात्मा कुमारिका आणि जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलची पालक संत. पोर्तुगीज नाव सांता कातारिना. सण २५ नोव्हेंबर.

आख्यायिकेनुसार ही राजकुळातील विदुषी. ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल तिने रोमन सम्राटालाच जाब विचारला. तिला निरुत्तर करण्यासाठी बोलावलेले पन्नास पंडित वादात हरले, ख्रिस्ती झाले आणि सम्राटाने त्यांना जाळले. तिच्यासाठी अणकुचीदार खिळ्यांचे चक्र तयार केले, ते मोडून पडले. अखेर तलवारीने शिरच्छेद झाला. मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिले व देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला, असे सांगतात.

कथेचा उगम वादग्रस्त आहे. सम्राटाचे नाव बहुधा मॅक्सेंटियस असे येते. परंतु इजिप्तवर त्याचा अंमल नव्हता, तेथे मॅक्सिमिनस दायाची सत्ता होती. चौथ्या शतकातील इतिहासकार युसिबियस याने दायाच्या वासनेला बळी न पडलेल्या एका सुशिक्षित, श्रीमंत अलेक्झांड्रियन ख्रिस्ती स्त्रीची हकिकत दिली आहे. तिचे नाव मात्र तो देत नाही आणि तिला झालेली शिक्षाही देशवट्याची व मालमत्ताजप्तीची, देहदंडाची नव्हे. युसिबियसचा लॅटिन अनुवादक रुफिनस तिला डोरोथिया म्हणतो. काही अभ्यासकांच्या मते ख्रिस्ती जमावाने ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात मारलेल्या हायपेशिया या ख्रिस्तेतर तत्त्वज्ञ स्त्रीची स्मृती येथे उलटी होऊन आली असावी. साम्य लक्षवेधी असले, तरी कॅथरिनचे लिखित उल्लेख कित्येक शतकांनंतरचे असल्याने हा दुवा जुळवणे कठीण आहे. त्या मानाने युसिबियसची हकिकत कथेचे बीज म्हणून अधिक संभाव्य वाटते. आज तिच्या नावाने ओळखला जाणारा सिनाईचा मठही सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधविला तेव्हा तिच्या नावाचा नव्हता. रोमन चर्चने १९६९ मध्ये तिचा सण सर्वसाधारण दिनदर्शिकेतून वगळला व २००२ मध्ये ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा घेतला.

गोव्याशी संबंध तारखेचा आहे. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवे दुसऱ्यांदा जिंकले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. त्याने तिच्या नावाने बांधलेल्या चॅपेलचा पुढे विस्तार झाला. जांभ्या दगडाची ती साधी वास्तू कॅथीड्रलजवळच आहे. कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या मुख्य वेदीमागील सोनेरी मुलामा दिलेल्या कोरीव लाकडी चौकटींत संतेच्या जीवनातील प्रसंग आहेत. मोडके चक्र ही चित्रांत तिची ओळखखूण; पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही हेच चक्र होते.